बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांतून सायकलवर सहा दिवस: पैसे नक्की कशाचे?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझ्या पत्नीने फ्रान्समधील बर्गंडी या वाइनच्या प्रदेशात गाइडसह सहा दिवसांची सायकल सहल केली. सहल नेणाऱ्या कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच मार्गावर जवळजवळ याच वेळापत्रकाने सहली नेणाऱ्या अनेक कंपन्या आहेत आणि माझे बहुतेक म्हणणे त्या सर्वांनाच लागू पडेल. आम्ही माणशी २,७५० युरो भरले आणि इलेक्ट्रिक सायकलींसाठी प्रत्येकी १६० युरो वेगळे. त्यात पाच मुक्काम, न्याहारी, तीन रात्रींची जेवणे, चार ठिकाणी वाइन चाखण्याची सोय, सामान पुढच्या हॉटेलात पोचवणारी व्हॅन आणि पूर्णवेळ एक गाइड एवढे होते. विमानभाडे, व्हिसा, विमा आणि दुपारची जेवणे आपली आपण पाहायची होती. सायकल एकूण चालवायची ती सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे सराव असलेल्या माणसाचे दोन दिवसांचे काम. एवढ्याशा अंतरासाठी एवढे पैसे कशाला, हा वाद निघण्यापूर्वी आमच्या घरात झाला होता. परत आल्यावर माझे मत असे झाले आहे की या सहलीत मार्गाचे पैसे देण्याचे काहीच कारण नाही, कारण मार्ग सर्वांना फुकट आहे. पैसे वसूल होतात ते गाइडच्या तोंडून जे ऐकायला मिळते त्यात, आणि ती गाइड चांगली नसेल तर वसूल होत नाहीत.

मार्ग फुकट आहे असे म्हणतो ते शब्दशः खरे आहे. बोन या गावापासून सांतनेपर्यंत मळ्यांमधून जाणारी सुमारे २२ किलोमीटरची सायकलवाट गावोगावच्या पाट्यांसह आखलेली आहे. तिच्या दक्षिणेला झिव्री ते क्लूनी हा जुन्या रेल्वेमार्गावरचा ‘हरित मार्ग’ १९९७ मध्ये सायकलींसाठी खुला झाला आणि तो फ्रान्समधील या प्रकारचा पहिला मार्ग मानला जातो. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून वेगवान रेल्वेने दिजों दीड तासाच्या थोडे पुढे, आणि तिथून बोन लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत. सायकली बोनमध्ये दिवसाच्या भाड्याने मिळतात. ज्यांना नकाशा पाहून फिरण्याची सवय आहे आणि सामान बेताचे ठेवता येते, त्यांना ही सहल स्वतः आखून आम्ही भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी खर्चात करता येईल, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो.

पहिला दिवस बोनमध्ये सायकली बेतून घेण्यात आणि गाव पाहण्यात गेला. सीटची उंची, हँडलची पोच, ब्रेक कोणत्या हाताचा कोणत्या चाकाला, या गोष्टी गाइडने अकरा जणांच्या गटातील प्रत्येकाबरोबर स्वतंत्र उभे राहून पाहिल्या आणि त्यासाठी दोन तास दिले. त्याच संध्याकाळी ओस्पीस द बोन हे जुने रुग्णालय पाहिले. बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलां आणि त्याची पत्नी गिगोन द सालां यांनी ते १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी स्थापन केले. आतल्या अंगणातून दिसणारी रंगीत कौलांची नक्षी सगळ्या छायाचित्रांत असते. माझ्या लक्षात राहिले ते रुग्णांचे लांबलचक दालन, जिथे लाल पडद्यांच्या खाटा दोन्ही भिंतींना ओळीने लावल्या आहेत आणि टोकाला देवघर आहे, म्हणजे अंथरुणातून न उठता प्रार्थना ऐकता यावी. शतकानुशतके लोकांनी या रुग्णालयाला द्राक्षमळे दान दिले आणि त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे; आता तो दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. वाइन या प्रदेशात शौकाची वस्तू होण्याआधी दानाची आणि वारशाची वस्तू होती, हे पुढच्या सगळ्या प्रवासाला उपयोगी पडले.

दुसरा दिवस या सहलीचा प्राण होता. व्हॅनने आम्हाला उत्तरेला जव्रे-शांबेर्तां गावी नेऊन सोडले आणि तिथून बोनपर्यंतचे तीस-बत्तीस किलोमीटर आम्ही मळ्यांमधल्या अरुंद रस्त्यांनी चालवत आलो. बर्गंडीच्या या भागाला कोत-दोर म्हणतात. ही चुनखडीची एक लांब, पूर्वेकडे तोंड करून असलेली उतरण आहे. तिच्या डोक्यावर झाडी, पोटावर मळे आणि पायथ्याला दिजोंहून दक्षिणेला जाणारा जुना हमरस्ता. गाइडने पहिल्याच चढावर सर्वांना खाली उतरवले आणि रस्त्याच्या कडेला साचलेली माती बोटांनी चोळून पाहायला सांगितली. वरच्या अंगाची माती पांढरट, खड्यांची, हातातून निसटणारी होती. दोनशे-अडीचशे मीटर खाली तीच तपकिरी आणि चिकट झाली आणि नखांत अडकून राहिली. वर माती फार पातळ म्हणून वेल उपाशी, खाली माती जड आणि पाणी धरून ठेवणारी म्हणून फळ पाणचट, आणि मधल्या पट्ट्यात दोन्हींचा मेळ बसतो, म्हणून सर्वांत वरच्या दर्जाचे ‘ग्रां क्रू’ मळे बहुतेक त्या मधल्या पट्ट्यातच आहेत. हमरस्त्याच्या खालच्या अंगाला बहुतांशी साध्या दर्जाची वाइन होते. पावसाने खाली वाहून आलेली माती मळेवाले पूर्वी टोपल्यांनी पुन्हा वर नेऊन टाकत, असेही तिने सांगितले. हे सगळे मी निघण्यापूर्वी वाचले होते आणि त्यातले काहीही समजले नव्हते. सायकलवर ते पोटऱ्यांना समजते, कारण मातीचा रंग बदलतो तेव्हा बहुधा चढही बदललेला असतो.

मळ्यांच्या या लहान लहान तुकड्यांना तिथे ‘क्लिमा’ म्हणतात. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा एरवीचा अर्थ हवामान, पण हवामानाशी त्याचा इथे थेट संबंध नाही. क्लिमा म्हणजे नाव, सीमा आणि स्वतःची चव असलेला मळ्याचा तुकडा. असे १,२४७ क्लिमा मोजले गेले आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. वूजो येथील सुमारे पन्नास हेक्टरांचा मळा एका अखंड दगडी भिंतीच्या आत आहे आणि तो शेकडो वर्षे सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या एकट्या मालकीचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीत तो जप्त होऊन विकला गेला, पुढे हस्तांतरणे आणि वाटण्या होत गेल्या, आणि आज त्याच भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. वडिलोपार्जित जमीन सर्व मुलांत सारखी वाटायची या नेपोलियनच्या काळापासूनच्या कायद्याने शेताचे कसे तुकडे होतात, हे आपल्याकडील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गटातील इतरांना ते कळायला वेळ लागला. आम्ही दोघे मात्र एकमेकांकडे पाहून हसलो.

व्होन-रोमाने गावाच्या वर रोमाने-कोंती हा जगातील सर्वांत महागड्या वाइनपैकी एकीचा मळा आहे. तो जेमतेम १.८ हेक्टरांचा आहे. त्याच्याजवळ एक दगडी क्रूस, गुडघ्याएवढी ठेंगणी भिंत आणि ‘कृपया रस्त्यावरच थांबा, मळ्यात उतरू नका’ अशा अर्थाची पाटी एवढेच आहे. शेजारच्या ओळीत आणि त्या ओळीत डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही. गाइडने इथे भाषण करायचे टाळले आणि पाच मिनिटे सर्वांना गप्प उभे राहू दिले, याबद्दल तिला मी पूर्ण गुण देतो. वेलींना नुकताच फुलोरा आला होता. द्राक्षाचे फूल इतके बारीक असते की दाखवल्याशिवाय दिसत नाही, आणि त्याचा मंद गोडसर वास सायकल थांबवल्याशिवाय येत नाही. फुलोऱ्यापासून साधारण शंभर दिवसांनी तोडणी, असा तिथला हिशेब. जूनमध्ये मात्र एक गैरसोय लक्षात ठेवावी. या दिवसांत सकाळी लवकर फवारणी चालते, वेलींच्या ओळींवरून टांगा टाकून चालणारे उंच पायांचे ट्रॅक्टर त्याच अरुंद रस्त्यांवरून ये-जा करतात, आणि वाऱ्याची दिशा चुकली की तो फवारा सायकलस्वाराच्या तोंडावर येतो. कंपनीच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता.

तिसऱ्या दिवशी बोनहून पोमार, व्होलने, म्यर्सो, प्युलिन्यी-मोंराशे असे करत सांतनेला गेलो. माहितीपत्रकात या टप्प्याला ‘सोपा, सपाट’ म्हटले होते. सोपा आहे, सपाट नाही. व्होलनेच्या आसपास लहान पण उभे चढ आहेत. तिथेच माझ्या सायकलची बॅटरी दगा देऊ लागली. प्रत्येक खड्ड्याला पडद्यावरचे आकडे विझत, मोटर बंद पडे आणि पंचवीस किलोची सायकल एकाएकी अंगावर येई. गाइडने बाटलीचे बूच चाकूने चकती करून कापले आणि बॅटरी व तिच्या खोबणीच्या मधल्या फटीत दाबून बसवले. ती चकती दोन दिवस टिकली. दुसऱ्याच सकाळी बदली सायकल पोचेल असे कंपनीच्या कार्यालयाने फोनवर सांगितले होते. ती आली पाचव्या दिवशी दुपारी, जेव्हा उरलेल्या मार्गावर मोटरची गरजच फारशी राहिली नव्हती. १६० युरोंपैकी काही परत मिळावे म्हणून मी लिहिले, त्यावर दिलगिरी आली, पैसे आले नाहीत.

वाइन चाखण्याच्या चार कार्यक्रमांपैकी म्यर्सोमधील तळघराचा कार्यक्रम सर्वांत चांगला झाला. अठरा पायऱ्या उतरून खाली गेल्यावर उन्हातून आलेल्या अंगावर काटा आला. भिंतींवर काळी बुरशी मखमलीसारखी चढलेली होती आणि २२८ लिटरांची ओकची पिंपे दोन थरांत रचलेली होती. मालकीणबाईंनी पिंपाच्या तोंडाचे बूच काढून काचेच्या लांब नळीने वाइन उचलली आणि प्रत्येकाच्या पेल्यात बोटभर सोडली. एकाच गावची, एकाच वर्षाची, एकाच शार्दोने द्राक्षाची वाइन दोन शेजारच्या क्लिमांमधून घेऊन त्यांनी आमच्यासमोर ठेवली. पहिली जिभेच्या कडांना लिंबासारखी लागली. दुसरी तोंडभर पसरली आणि गिळल्यावरही भाजलेल्या बदामासारखी मागे राहिली. दोन मळ्यांच्या मध्ये फक्त एक बैलगाडीची वाट आहे, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीची नखांतली माती त्या क्षणी पेल्यात उतरली. जाता जाता गाइडने पुढच्या गावाबद्दल एक गोष्ट सांगितली: प्युलिन्यीमध्ये जमिनीखालचे पाणी इतके वर आहे की तिथे खोल तळघरे खोदताच येत नाहीत.

चाखलेला घोट थुंकायचा, ही कल्पना मात्र आमच्या पचनी पडायला वेळ लागला. कुणाच्या घरी जाऊन, त्याने प्रेमाने दिलेले त्याच्यादेखत बादलीत थुंकणे हे संस्कारात बसत नाही. पहिल्या ठिकाणी आम्ही दोघांनी सर्व सहा पेले मुकाट्याने गिळले आणि पुढच्या चढावर त्याची किंमत दिली. थुंकण्यात अपमान नाही, उलट तुम्ही गंभीरपणे चाखत आहात असा त्याचा अर्थ होतो, हे गाइडने नंतर समजावले. ते आधी सांगायला हवे होते. हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. फ्रान्समध्ये रक्तातील अल्कोहोलची लिटरमागे ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे आणि ती ओलांडल्यास दंड होतो. असे असताना कंपनीने चारपैकी तीन चाखण्या सकाळी अकराला, म्हणजे रिकाम्या पोटी आणि दिवसाचा मोठा टप्पा शिल्लक असताना ठेवल्या होत्या. मळेवाल्यांना ती वेळ सोयीची असते, हे कारण मला सांगण्यात आले. सहलीचे पैसे मळेवाले भरत नाहीत. चाखणी दुपारी चारनंतर, मुक्कामाच्या गावात, पायी जाण्याच्या अंतरावर ठेवली तर हा सगळा प्रश्न मिटतो, आणि पैसे भरण्यापूर्वी कोणत्याही कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा असे मी सुचवीन.

जेवणाबद्दल शाकाहारी वाचकांसाठी थोडे स्पष्ट लिहितो. माझी पत्नी अंडी खाते, मांस-मासे खात नाही, आणि हे आम्ही नोंदणीच्या अर्जात लिहिले होते. पहिल्या रात्री तिच्यासमोर रेड वाइनच्या सॉसमध्ये शिजवलेली अंडी आली. तो त्या भागातील प्रसिद्ध पदार्थ आहे, आणि त्याच्या सॉसमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. वाढणाऱ्याला त्यात काही गैर वाटले नाही. अंडी मागितली होती, अंडी दिली. नंतरच्या दोन्ही रात्री बकरीच्या चीजचे सॅलड आणि ऑम्लेट. चीजबद्दलही सांगायला हवे की एपवास, कोंते अशी तिथली पारंपरिक चीज प्राण्याच्या पोटातून मिळणाऱ्या रेनेटने केली जातात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच विचारावे. दुपारी गावातून पाव, टोमॅटो, पीच आणि बेकरीतले गुजेर, म्हणजे चीज घालून भाजलेले पोकळ, हलके गोळे, घेऊन मळ्याच्या भिंतीवर बसून खाल्ले, ती आमची सर्वांत चांगली जेवणे ठरली. त्यांना दोघांचे मिळून पंधरा युरोही लागले नाहीत.

चौथा दिवस कालव्याच्या काठाने शालोंपर्यंत आणि तिथून ब्युसीपर्यंत. रस्ता सपाट, सावली चांगली, सांगण्यासारखे थोडे. पाचव्या दिवशी हरित मार्गाने क्लूनीला गेलो. रेल्वेचे रूळ उखडून त्यावर डांबर टाकलेले असल्याने चढ जाणवतही नाही, आणि जुन्या स्थानकांच्या इमारती, फलाटांच्या कडा अजून शाबूत आहेत. क्लूनीला मात्र कंपनीने आमच्यावर अन्याय केला. ९१० मध्ये स्थापन झालेल्या या मठाचे तिसरे चर्च १०८८ मध्ये बांधायला घेतले गेले, आणि रोमचे सेंट पीटर्स नव्याने बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले आणि दगडांसाठी पाडले गेले. आज चर्चचा एक आडवा बाहू, त्यावरचा अष्टकोनी मनोरा आणि थोडे अवशेष उरले आहेत. जे उरले त्यावरून जे होते त्याचा अंदाज घ्यायला माणसाला चालत फिरावे लागते, खांबांचे बुंधे मोजत जावे लागते. आम्हाला मिळाली पन्नास मिनिटे, कारण साडेचारला आणखी एक चाखणी ठरलेली होती. एकच चाखणी दुपारी ठेवली होती, आणि ती नेमकी इथे.

शेवटच्या दिवशी क्लूनीहून माकोंकडे जाताना ब्वा क्लेर हा १.६ किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा लागतो. हिवाळ्यात वटवाघळांच्या विश्रांतीसाठी तो बंद ठेवतात. जूनमध्येही आत इतका गारठा असतो की जाकीट पिशवीत तळाला न ठेवता वर ठेवावे. बोगद्याच्या पलीकडे मळे पुन्हा सुरू होतात, पण उतरणी अधिक मोकळ्या आणि घरांची छपरे बदललेली दिसतात. इथून दक्षिणेला गामे जातीचे द्राक्ष वाढत जाते. हेच द्राक्ष १३९५ मध्ये ड्यूक फिलिपने ‘दुष्ट आणि बेइमान’ ठरवून उपटून टाकायला लावले होते, असे गाइडने दुपारच्या थांब्यावर सांगितले, आणि मग पिशवीतून थंड केलेली गामेचीच बाटली काढून सर्वांना अर्धा अर्धा पेला दिला. तो कार्यक्रम वेळापत्रकात नव्हता आणि त्याचे पैसेही तिने स्वतः दिले होते.

चाळिशी ओलांडलेले, सायकलचा सराव बेताचा असलेले आणि वाइनबद्दल कुतूहल असूनही तिच्यापुढे बिचकणारे जे जोडपे असेल, त्याला मी अशी सहल घ्या म्हणून सांगेन, मात्र गाइड त्या प्रदेशातील आहे का आणि तिने मळ्यात काम केले आहे का, हे विचारूनच. आमची गाइड सात हंगाम तोडणीला गेलेली होती. व्हिसासाठी लागणारे मुक्कामाचे पत्र कंपनीकडून लवकर मागून घ्यावे. आमचे दोनदा आठवण दिल्यावर आले. सप्टेंबरचा शेवट निवडल्यास फवारणीचा त्रास कमी होईल, मात्र तोडणीच्या दिवसांत मळेवाल्यांना पाहुण्यांसाठी वेळ नसतो. सायकल ताब्यात घेताना तिच्यावरचे जुने ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवावेत. माकों स्थानकाबाहेर सायकली परत करताना माझ्या त्याच बदली सायकलच्या मडगार्डवरचा ओरखडा दाखवून २०० युरोंची अनामत अडवण्यात आली होती. ती सायकल व्हॅनमधून उतरवतानाचे छायाचित्र पत्नीने सहज म्हणून काढले होते आणि त्यात तो ओरखडा स्पष्ट दिसत होता. छायाचित्र पाठवल्यावर सतराव्या दिवशी पैसे जमा झाले.